लाइनीवरच्या अक्का

फोन लागला की अक्का डोळे मिटून घ्यायच्या. रिसीव्हर कानाला चिकटवायच्या नाहीत, बोटभर लांब धरायच्या आणि पलीकडचा माणूस बोलत असेपर्यंत स्वतः एक शब्द बोलायच्या नाहीत. त्याचं सांगून झालं की बोलायच्या बाजूवर तळहात ठेवायचा आणि आम्हाला सांगायचं, "पंचायतीत बसलोय म्हणतोय. मागं कुकरची शिट्टी झाली."

मग हात काढून त्या माणसाला कन्नडमध्ये, अगदी गोड आवाजात म्हणायचं, "सर, कुकर बंद करून या. मी थांबते." बहुतेक वेळा पलीकडचा फोन कट व्हायचा. अक्का समोरच्या यादीत त्या गावापुढे लाल पेन्सिलीने लिहायच्या, 'शंका'.

आमचं ऑफिस बेंगळुरूत, मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालक राहायचे आणि त्यांच्या फोडणीचा वास अकरा वाजता जिन्यातून वर यायचा. काम सरकारी होतं, आम्ही मात्र खाजगी कंपनीचे. राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबरची केबल न्यायची आणि तिथून शाळेला, दवाखान्याला, वाचनालयाला आणि मागेल त्या घराला वेगवान इंटरनेट द्यायचं, अशी सरकारची योजना. तिचा पुढचा टप्पा आखायचा होता. त्याआधी मागच्या टप्प्यात काय झालं ते मोजायला हवं, म्हणून आमची नेमणूक. मी पुण्याहून आलेला, कंपनीत नकाशे करणारा माणूस. माझ्या नकाशावर प्रत्येक पंचायत म्हणजे एक ठिपका. इंटरनेट चालू असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

हिरव्याचा अर्थ एवढ्यावर संपत नव्हता. जे गाव हिरवं, ते झालं. पुढच्या टप्प्यात त्याच्यासाठी काहीही राखलं जाणार नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सर्जापूर रोडच्या फ्लॅटमधून दोन बस आणि एक मेट्रो बदलून रोज ऑफिस गाठणाऱ्या माणसाला ठिपका हा ठिपकाच वाटतो.

गावं चालू असल्याची प्रमाणपत्रं ठेकेदारांकडून यायची. प्रमाणपत्रावर पंचायतीचा शिक्का आणि सोबत भिंतीवर लावलेल्या इंटरनेटच्या पेटीचा फोटो. पेटीवर हिरवा दिवा. ही प्रमाणपत्रं फोन करून पडताळून पाहायला कन्नड, मराठी आणि हिंदी येणारं कोणीतरी हवं होतं. त्या कामावर अक्का आल्या.

साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या, बेळगावकडच्या बाई. शहरातच यशवंतपूरला दोन खोल्यांत एकट्या राहत. यजमान तिथल्याच एका कारखान्यात होते, ते वारले होते. स्वतः अक्का तरुणपणी ट्रंक कॉल जोडून देण्याच्या कामाला होत्या. परगावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागायचा आणि मध्ये बसलेली कोणी बाई दोन्ही टोकं जोडून द्यायची, ते दिवस. ती मध्ये बसलेली बाई म्हणजे अक्का. पुढे यंत्रं आली, त्यांना कारकुनी दिली गेली, मग निवृत्ती. कान मात्र तसेच राहिले.

त्यांना मोबाईलवरून काम करायला आवडत नसे. "मोबाईलवर माणूस फिरत फिरत खोटं बोलतो," त्या म्हणायच्या. "लँडलाइनीला बांधलेला असतो की." पलीकडचा माणूस मोबाईलवरच असायचा, हे सांगून उपयोग नव्हता. निदान आपलं टोक तरी बांधलेलं असावं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या बोलण्यातली एक गंमत मला कळायला महिना लागला. बेळगावकडच्या मराठीत 'पण' च्या जागी 'खरं' म्हणतात. "पेटी आलीय, खरं केबल नाही." "सरपंच भला माणूस आहे, खरं फोनवर नसतो." पुण्याच्या कानाला वाटायचं, बाई प्रत्येक वाक्यात सत्याची ग्वाही देतायत. प्रत्यक्षात त्या प्रत्येक वाक्यात अडथळा घालत होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुणाचे वो?"

"म्हणजे?"

"ठेकेदाराचे, की सरकारचे, की आणि कुणाचे?"

"कोणाचाच नाही. मी फक्त नकाशा करतो."

"कुणासाठी?"

मी नकाशाची फाइल उघडायला लागलो. अक्कांनी मान हलवली आणि आपली वही माझ्या बाजूने हाताने झाकली. त्या दिवसापासून मी 'पुणेकर'. वर्षभरात नावाने हाक मारली नाही.

त्या ऑफिसचं पाणी प्यायच्या नाहीत. डबा खणात ठेवून खणाला कुलूप लावायच्या. दारावरच्या यंत्रावर हजेरीसाठी अंगठा द्यायला त्यांनी नकार दिला. "अंगठा घेऊन ते काय करणार, ते आधी लिहून द्या." कोणी लिहून दिलं नाही. मग त्यांनी स्वतःच एक शंभर पानी वही आणली आणि तीत रोज येण्याजाण्याची वेळ लिहून मॅनेजरची सही घ्यायला लागल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुकानदाराने सुटे परत दिले की नोट उजेडात धरून बघणारी. त्यांच्याबरोबर चालताना आपल्यालाच लाज वाटते, आणि पुढे कधीतरी एखादी नोट खरंच फाटकी निघते.

त्यांचं नेहमीच बरोबर असायचं असंही नाही. एकदा चित्रदुर्गकडच्या एका पंचायतीतला कारकून मनापासून सांगत होता की आमच्याकडे इंटरनेट उत्तम चालतं. अक्कांनी त्याला वीस मिनिटं सोडलं नाही. आजची बातमी वाचून दाखवा. दाखवली. आता बेंगळुरूचं हवामान बघून सांगा. तो म्हणाला, पाऊस. अक्कांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. 'शंका'.

तासाभरात असा पाऊस कोसळला की खालच्या घरमालकांना वाळत घातलेले पापड उचलता आले नाहीत. अक्का बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. मग येऊन त्यांनी त्या कारकुनाला पुन्हा फोन लावला. "सर, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या आणि 'शंका' खोडरबरने पुसली. त्यानंतर त्या कारकुनाचा फोन दिवाळीला आणि उगादीला, म्हणजे त्यांच्या पाडव्याला, येत असे.

असे पुसलेले शब्द थोडे. उरलेल्या शंका वाढत चालल्या आणि माझ्या नकाशाची पंचाईत झाली. त्यात दोनच रंग होते. अक्का म्हणाल्या, "तिसरा रंग घाला की. माहीत नाही, असा."

मी पिवळा घातला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. हुशार माणूस, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, आवाज कधी चढवत नसे. "पिवळा काढ," ते म्हणाले. "वर पिवळा दाखवता येत नाही. पिवळा म्हणजे आपण काम केलेलं नाही." मी काढला. अक्कांच्या शंकेतली सगळी गावं पुन्हा हिरवी झाली.

त्याच बैठकीत मॅनेजर म्हणाले, "ती बाई रोज साडेबारा वाजता कोणाशी बोलते, तुला माहीत आहे?"

मला माहीत होतं तेवढं सगळ्यांनाच माहीत होतं. साडेबाराला अक्का खुर्ची भिंतीकडे वळवायच्या आणि दहा-पंधरा मिनिटं हलक्या आवाजात मराठीत बोलायच्या. त्या फोनची नोंद यादीत होत नसे.

"एखाद्या ठेकेदाराचं माणूस असेल," मॅनेजर म्हणाले. "दुसऱ्याची गावं लाल दाखवायची, म्हणजे पुढचं काम आपल्याला. असं चालतं. तुझी भाषा तीच आहे. जरा लक्ष ठेव."

खरं सांगायचं तर मला तोवर अक्कांचा संशय आला नव्हता. पण तो एकदा कानात सोडला गेला की वेगळंच ऐकू यायला लागतं. मी पाण्याच्या निमित्ताने साडेबाराला त्यांच्या मागून जायला लागलो. तुकडे कानावर पडायचे. "आज कोण आलं होतं?" "नाव सांगू नको." "तू पुढं होऊ नको, मी बघते." नाव सांगू नको! जी बाई जगाला नाव, हुद्दा आणि खुर्चीचा रंग विचारते, ती कोणाला तरी नाव सांगू नको म्हणते. मला वाटलं, मॅनेजर म्हणतात त्यात काहीतरी आहे.

ऑफिसच्या फोनच्या बिलाबरोबर केलेल्या कॉलची यादी येत असे. त्यात रोज साडेबाराला एकच मोबाईल नंबर होता. मी तो कागदावर उतरवून मॅनेजरना दिला. ते "गुड" म्हणाले. त्या एका शब्दाने मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

आठवड्याने मॅनेजरनी विचारलं, काही कळलं का. कळलं नव्हतं. आतल्या खोलीत त्याच लाइनीचा दुसरा फोन होता, कोणी वापरत नसलेला, धूळ खात पडलेला. साडेबाराला मी तो अलगद उचलला.

एक बाई बोलत होती, तिशीतली असावी. सीमेकडचंच मराठी. दोन वाक्यं झाली असतील. अक्का म्हणाल्या, "सुरेखा, थांब जरा. लाइनीवर तिसरं माणूस आहे."

मी रिसीव्हर कानापासून काढायला लागलो.

"दुसरा फोन उचलला की आवाज पडतो वो, पुणेकर," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, एखाद्याला पायरी दाखवावी तसा आवाज. "आता उचललाय तर ठेवू नका. ऐका. सुरेखा, पहिल्यापासून सांग त्यांना."

पलीकडची बाई बिचकत बोलायला लागली. ती पंचायतीच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. मानधनावर. इंटरनेटची पेटी शेजारच्या खोलीत. साडेबाराला तिथला कारकून जेवायला घरी जातो, खोली उघडी असते, तेव्हा ती रोज जाऊन बघते. दिवा हिरवा असतो. पण तो विजेचा. केबल तलावाच्या बांधावर पाण्याची पाइपलाइन टाकताना तुटली, ती जोडायला कोणी आलं नाही. एकदा दोघे आले, दिव्याचा फोटो काढला, शिक्का घेतला आणि गेले. वाचनालयाला चार कॉम्प्युटर मिळालेत, त्यांवरची प्लास्टिकची पिशवी अजून तशीच आहे. कॉलेजच्या मुलींना अर्ज भरायचा असला की हायवेवरच्या ढाब्यापर्यंत चालत जावं लागतं, तिथे मोबाईलला रेंज येते.

"आजूबाजूच्या गावांचंपण मी विचारून ठेवते," ती म्हणाली. "अक्कांना सांगते. माझं नाव कुठं घालणार नाही म्हणाल्यात अक्का, म्हणून सांगते." मग म्हणाली, "अक्का, एक सांगायचं होतं. परवा अनोळखी नंबरवरून फोन आला, मी सवयीनं गावाचं नाव घेऊन वाचनालय म्हणाले. काल पंचायतीत बेंगळुरूहून फोन आला होता. हा नंबर कुणाचा, ही बाई कोण, असं विचारलं म्हणे. माझा नंबर बेंगळुरूत तुमच्याशिवाय कुणाकडं नाही."

मी रिसीव्हर खाली ठेवला.

अक्का आतल्या खोलीत आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"मॅनेजरनी मागितला होता," मी म्हणालो.

"कुणी मागितला ते विचारलं नाही. दिला कुणी?"

"मी."

त्यांनी पदर खांद्यावर नीट केला. "मी लाइनीवर बसून लोकांची लग्नं मोडलेली ऐकली," त्या म्हणाल्या. "कोण कुणाला फसवतंय, कुणाच्या घरात काय, सगळं ऐकलं. बेळगावातली अर्धी माणसं रस्त्यात दिसली की त्यांचं काय चाललंय मला ठाऊक असायचं. खरं कधी एक शब्द बाहेर काढला नाही. ऐकलेलं दिलं की दुसऱ्याचं घर जातं, पुणेकर." आणि जाऊन जागेवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

चार दिवसांनी सुरेखाला वाचनालयाची किल्ली पंचायतीत जमा करायला सांगितलं गेलं. कारण असं लेखी काही दिलं नाही. अक्कांनी हे मला सांगितलं आणि म्हणाल्या, "शनिवारी जायचं. सकाळची गाडी. तुम्ही येणार." त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

यशवंतपूरच्या प्लॅटफॉर्मवर त्या माझ्या आधी हजर होत्या. माझं तिकीट हातात घेऊन तारीख, गाडी, डबा तपासला आणि परत दिलं. पुढे हुबळीपर्यंत मी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी बाहेर बघितलं. जेवायच्या वेळी डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी आणि चपात्या. मोजून अर्ध्या माझ्यापुढे ठेवल्या आणि तोंड खिडकीकडे केलं. मी जेवून होईपर्यंत त्या तशाच बसून होत्या, मग स्वतः जेवल्या. पुढे बस, आणि बसनंतर रिक्षा.

गावाच्या अलीकडे तलावाचा बांध लागला. अक्कांनी रिक्षा थांबवली. बांधाच्या कडेने पाइपलाइनची बुजवलेली चर दिसत होती आणि तिच्या टोकाला मातीतून काळी केबल वर आलेली, दोन-तीन हात लांब. कोणीतरी ती वेटोळं करून बाभळीला बांधून ठेवली होती. गुरांच्या पायात येऊ नये म्हणून.

"धरा हे," अक्का म्हणाल्या. मी ते टोक हातात धरलं. आतल्या काचेच्या तारा केसाइतक्या बारीक होत्या आणि धुळीने भरल्या होत्या. "आता फोटो काढा. दिव्याचा फोटो सगळ्यांनी काढला. ह्याचा कुणी काढला नाही."

माझ्या नकाशावर हे गाव आठ महिने हिरवं होतं. मी त्या ठिपक्याचा आकारसुद्धा एकदा वाढवला होता, चांगला दिसावा म्हणून.

पंचायतीत कारकुनाने आम्हाला पेटी दाखवली. दिवा हिरवागार. अक्का म्हणाल्या, काहीतरी उघडून दाखवा. तो म्हणाला, आज सर्व्हर डाऊन आहे. अक्कांनी विचारलं, "किती दिवसांपासून आज?" तो हसला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

सुरेखा वाचनालयाच्या पायरीवर उभी होती. दाराला कुलूप होतं. तिने अक्कांचे हात धरले. फोनवर वर्षभर रोज बोलणाऱ्या त्या दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे नकाशावाले?" तिने अक्कांना विचारलं. मग मला म्हणाली, "सर, ह्या वेळी तरी माझं नाव कुठं येणार नाही ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. अक्का मध्येच म्हणाल्या, "त्यांना विचारू नको. मला विचार."

संध्याकाळी पंचायतीचे पाच-सहा सदस्य जमले. अक्कांनी त्यांना कन्नडमध्ये आणि मग मराठीत समजावून सांगितलं. प्रमाणपत्रावर तुमचा शिक्का आहे. शिक्का आहे म्हणून तुमचं गाव झालं, असं धरलंय. आता पुढच्या टप्प्यात तुमच्याकडे कोणी येणार नाही, घरांना जोडण्या मिळणार नाहीत. हे ऐकताना त्यांचे चेहरे बदलत गेले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आम्हाला सांगितलं होतं, शिक्का दिलात तर लवकर येतं. आम्ही यावं म्हणून दिला." एक म्हातारे सदस्य म्हणाले, "झालं म्हणून नाही दिला वो." शेजारच्या गावांनीही असंच दिलंय, असं दुसरा म्हणाला.

मला तेव्हा कळलं की त्या शंकेच्या यादीत खोटं बोलणारे फार थोडे होते. बहुतेक जण वाट बघणारे होते. कुकर लावता लावता फोन घेऊन 'चालू आहे' म्हणणारा माणूससुद्धा भीतीने म्हणत असणार. नाही म्हटलं तर आपलं नाव कटेल म्हणून.

एका साध्या कागदावर त्यांनी लिहून दिलं, आमच्या पंचायतीत इंटरनेट आजवर चालू झालेलं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. साक्षीदाराच्या जागी अक्कांनी बोट ठेवलं आणि माझ्यापुढे पेन धरलं. "हुद्दा पण लिहा," त्या म्हणाल्या. "नुसती सही कुणाचीही असते." मी कंपनीचं नाव आणि हुद्दा लिहिला. बाहेर पडताना अध्यक्षीणबाईंनी कारकुनाकडून वाचनालयाची किल्ली मागून घेतली आणि आपल्याजवळ ठेवली. सुरेखाला दिली नाही. पण कारकुनाकडेही राहू दिली नाही.

सोमवारी मी पिवळा रंग परत घातला. अक्कांची प्रत्येक शंका पिवळी केली, केबलचा फोटो आणि तो कागद जोडला आणि मॅनेजरना पाठवला. ज्या सरकारी अधिकारीबाईंनी हे काम आम्हाला दिलं होतं, त्यांनाही त्याची प्रत पाठवली. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी अधिकारीबाईंचा निरोप आला की पिवळ्या गावांची फेरतपासणी होईपर्यंत ती गावं पूर्ण झाली असं धरू नये.

हे मी अक्कांना धावत जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "फेरतपासणी कोण करणार?"

"दुसरी कंपनी नेमतील."

"ती कुणाची?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढचा नंबर फिरवला.

सुरेखाला किल्ली परत मिळाली, पण चार महिन्यांनी. तेही सदस्यांनी बैठकीत लावून धरलं म्हणून. मधल्या काळात ती शेजारच्या गावात शिवणकाम करत होती. पिवळ्या गावांपैकी बरीच पुढच्या टप्प्याच्या आराखड्यात आली. काही पुन्हा हिरवी झाली. ती खरंच हिरवी होती की कसं, मला सांगता येत नाही. मी बघून आलो नाही.

अक्कांचा करार महिनाअखेरीस संपला. वाढवला नाही. फोनवरची पडताळणी आता यंत्र करेल, असं सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी खण रिकामा केला, लाल पेन्सिली रबरबँडने बांधल्या, हजेरीच्या वहीवर मॅनेजरची अखेरची सही घेतली आणि ती वही पिशवीत घातली. शंकेची यादी मला दिली नाही. तिची एक झेरॉक्स दिली, आणि झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर आपली सही करून दिली.

मी जिन्यापर्यंत गेलो. "अक्का, तुमचा नंबर देता का?"

"कशाला?"

"असंच. खुशाली विचारायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. "सरी, बघू," म्हणाल्या, कन्नडमधलं 'बरं' म्हणावं तसं, आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या.

पुढे एकदा यशवंतपूरला गेलो असताना मी त्यांचं घर शोधलं. खोल्यांना दुसरं भाडेकरू कुटुंब आलं होतं. घरमालकाने आधी मलाच विचारलं, तुम्ही कोण, कुठले, काय काम. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, बाई भाच्याकडे गेल्या, पत्ता कोणाला देऊ नका म्हणून सांगून गेल्यात.

मीही ती कंपनी सोडली. गेल्या वर्षी एका दुपारी सुरेखाचा फोन आला. वाचनालयात इंटरनेट आलं होतं. तिने कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मुलींचा फोटो पाठवला. घरांना अजून नाही, लवकरच, असं पंचायतीबाहेर लिहून लावलंय म्हणाली. मी तिच्याकडे अक्कांचा नंबर मागितला.

"विचारून सांगते," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. 'अक्का देऊ नको म्हणाल्या. खरं तुमचा लिहून घेतलाय.'

हल्ली अनोळखी नंबर कोणी उचलत नाही. मी उचलतो. बहुतेक वेळा पलीकडे कोणीतरी प्लॉट विकत असतं.